मोरपंखी साडीतली बाई

राधेश्यामने फ्रेमवरचा वर्तमानपत्राचा कागद सोडवला, आणि काचेखाली भलतीच बाई बसलेली होती. गोरीपान, निमुळत्या गळ्याची, मोरपंखी रेशमी साडी नेसलेली. मांडीवर एकावर एक ठेवलेले नाजूक हात, एका बोटात लाल खड्याची अंगठी. डोळे मात्र माझ्या मायचे होते, आणि ते कुणाच्या तरी घरात चुकून शिरल्यासारखे माझ्याकडे बघत होते. लहानपणी केदारखेड्यात विळा लागून तिच्या डाव्या भुवईत एक फट पडली होती, तीही भरून काढलेली. जुन्या जालन्यातल्या त्या अरुंद दुकानात प्रिंटरचा गरम वास होता, बाहेर गल्लीत रिक्षा आणि मोटारसायकली एकमेकींवर ओरडत होत्या, आणि माझा धाकटा भाऊ राजानंद माझ्या चेहऱ्याकडे न बघता काचेवरची नसलेली धूळ बाहीने पुसत होता.

"कैसा वाटला, ताई?" राधेश्याम म्हणाला. "राजूभाऊ म्हणले, एकदम फर्स्टक्लास पायजे. मंग मी बी दोन घंटे बसलो बराबर."

"ही कोण आहे?" मी विचारलं.

"मम्मी हैत की तुमच्या."

"कुठून कुठपर्यंत?"

तो हसला, मग मी हसत नाही हे पाहून थांबला. त्याने बोट काचेवर ठेवलं आणि हनुवटीखाली एक आडवी रेघ ओढली. "इथपर्यंत. खाली तयार फाईल असती, ताई. फुल फोटोच न्हवता न तुमच्याकडं. भाऊनं लग्नातला ग्रुप फोटो देल्ता, त्यात मम्मी मागं उभ्या. खांद्याच्या खाली दुसरीच मावशी आडवी आल्ती. मंग बॉडी बसवावी लागती. समद्यांनाच बसवतो."

समद्यांनाच, हे खरं होतं. त्याच्या मागच्या भिंतीवर न्यायला न आलेल्या कुणाच्या तरी सात-आठ फ्रेमा टांगलेल्या होत्या आणि त्यातल्या दोन बायका मोरपंखी साडीत होत्या. तेच हात, तीच अंगठी, पदराची तीच एक चुकार चुणी. एकीला म्हातारा चेहरा बसवलेला, एकीला अगदी कोवळा. पुरुषांना निळा कोट होता. मला वाटलं, जिल्ह्यातल्या कितीतरी भिंतींवर हीच एक बाई बसलेली असेल, निरनिराळ्या घरांचे हार गळ्यात घालून, आणि कुणालाच माहीत नसेल ती कोण. ती जिवंत असेल का? आपल्या अंगावर किती मेलेल्यांचे चेहरे बसलेत हे तिला कुणी सांगितलं असेल का?

मी हेच लिहिते. संभाजीनगरच्या एका दैनिकात दर शनिवारी माझं सदर येतं, नऊ वर्षं झाली. बाईचं शरीर, बाईचा रंग, त्या रंगावरून लोकांनी काढलेली जात, लग्नाच्या जाहिराती, व्यायामशाळांच्या जाहिराती. 'गोरेपणा ही या देशातली सर्वांत स्वस्त मिळणारी लाच आहे,' असं एक वाक्य मी कधीतरी लिहिलं होतं. ते कॉलेजातल्या मुली अजून मला ऐकवतात. त्या दुकानात मला त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मला फक्त तो गळा दिसत होता. मायला असा गळा नव्हता. तिची मान रुंद होती, खांद्यात सरळ उतरणारी, तिच्यावर तीन वळ्या होत्या आणि उन्हाळ्यात त्यांत पावडर साचायची. असा बारीक गळा तिला मिळाला तो फक्त शेवटच्या तीन महिन्यांत.

तीन वर्षं ती पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात जात होती. डॉक्टर खुर्चीतूनच तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, मावशी, वजन कमी करा. तिसऱ्या वर्षी मी सोबत गेले तेव्हाही त्यांनी पोटाला हात लावला नाही. कागदावर गोळी लिहिली आणि खाली 'चालणे' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. माय परतूरच्या अंगणवाडीत सत्तावीस वर्षं सेविका होती. दर महिन्याला गल्लीतली साठ-सत्तर लेकरं छताच्या हुकाला टांगलेल्या वजनकाट्याच्या झोळीत ठेवायची, रडणाऱ्याच्या तळपायाला गुदगुल्या करायची आणि आकडा मोठ्याने म्हणायची. कमी भरलं तर त्याच्या आईला बाजूला घ्यायची. ती त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाली, "मी लेकरू उचलल्याबिगर कधी वजन सांगितलं न्हाई बघ." एवढंच. मग ती आपोआप बारीक होत गेली. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, बेबीनंदाबाई, काय खाता हो, आम्हालाबी सांगा. एकीने तर तिच्या सैल झालेल्या बांगड्या खालीवर करून पाहिल्या आणि म्हणाली, आता कशी पोरगी दिसतीस. गाठ तेव्हा नारळाएवढी होती. आणि आता या भल्या माणसाने दोन तास बसून, काही माहीत नसताना, मला तीच माय करून दिली होती, मरायला टेकलेली, वर गोरी.

"हा फोटो मला नको," मी म्हणाले.

राजानंद म्हणाला, "ताई, उद्या रविवारी मायच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय." मग राधेश्यामकडे बघून, "भाऊ, एक मिनिट," आणि मला दुकानाच्या पायरीवर घेऊन आला. तो पोलाद कारखान्यात भट्टीवर काम करतो. त्याच्या हातांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग आहेत आणि तो रागावला की ते डाग चोळतो. "सहाशे लोक येणारेत. केदारखेड्याचे मामा येणारेत, माझ्या कंपनीतले लोक. चौकात फ्लेक्स लागलाय कालच, ह्याच फोटोचा."

"मला न विचारता?"

"तू मायला कुठं इचारल्तं?" तो म्हणाला.

तो कशाबद्दल बोलतोय हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. समोरच्या धान्याच्या दुकानात हमाल पोती उतरवत होते आणि प्रत्येक पोत्याबरोबर ज्वारीची धूळ आमच्या अंगावर येत होती. राजानंद खाली मान घालून म्हणाला, "माय जन्मभर काळीबेंद्री ऐकत आली. माझ्या लग्नात सासरच्या बाया म्हणल्या, नवरदेवाची माय कोणती, ती अंधारातली का? मी ऐकलंय, ताई. तू हुशार हायस, तू त्याच्यावर लिहितीस, लोक टाळ्या वाजवतेत. मला लिहिता येत न्हाई. मला वाटलं, एक दिवस तरी कोणी काही बोलू नये तिला." माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सदरातलं होतं.

फ्रेम घेऊन आम्ही परतूरला निघालो. मोटारसायकलवर मी मागे बसले आणि फ्रेम त्याच्या पाठीच्या आणि माझ्या छातीच्या मध्ये धरली. रस्ताभर तिचा एक कोपरा माझ्या बरगडीत रुतत होता. मला चार वर्षांपूर्वीचा दिवाळीचा आठवडा आठवत होता. माय अंगणात लाकडी पाटावर बसली होती. बिनबाह्यांचा घरातला गाऊन, गुडघ्यांवर ठेवलेले दोन्ही दंड, मागे न्हाणीघराचा पत्रा. कुणीतरी काहीतरी बोललं आणि तिने मान वर केली. हसत नव्हती ती. आता बोल पुढं, असं म्हणत असल्यासारखी बघत होती. मी फोनवर फोटो काढला. पंधरा दिवसांनी तो 'माझ्या आईचा रंग' या लेखाबरोबर छापून आला. घरात आम्ही तिला माय म्हणायचो. लेखात मी आई लिहिलं. लिहिलेलं सगळं खरं होतं. मी सात वर्षांची असताना ती मला न्हाणीत उभी करून मसुराच्या डाळीच्या पिठाने घासायची, मानेची सालपटं निघेपर्यंत, आणि मी रडले की स्वतःही रडायची. बापाने माझं नाव प्रियदर्शनी ठेवलं म्हणून शाळेत पोरं दात काढायची, ते मी लिहिलं. ती कुठल्याही फोटोत मागे उभी राहायची, बुटक्या बाईच्या मागे नाही, उंच बाईच्या मागे, ते लिहिलं. लेखाला पुरस्कार मिळाला. मायने लेख शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला नाही, तिला चांगलं वाचता येत होतं. तिने स्वतः वाचला, दोनदा. मग मला फोन केला. "माझं लिहिलंस. मला इचारलंस का?" आणि पाच महिने माझ्याशी बोलली नाही. मी तो फोटो फोनमधून काढून टाकला, दैनिकालाही काढायला लावला, सगळीकडून. तेवढंच प्रायश्चित्त मला सुचलं होतं. आता तो असता तर.

ती पुन्हा बोलायला लागली ती हिबामुळे. हिबा सुदानहून विद्यापीठात शिकायला आलेली. तिला खोली नाकारणाऱ्या घरमालकांवर मी लिहीत होते. रस्त्यात लोक तिला काय काय म्हणायचे ते तिने मला सांगितलं होतं, ते शब्द आमच्या भाषेत अर्थासकट शिकली होती ती. एका रविवारी मी तिला परतूरला घेऊन आले. मायने दारातच तिचा हात धरला, आपला दंड तिच्या दंडाला लावून पाहिला आणि म्हणाली, "घ्या! मला वाटलं मीच एक." दिवसभर तिला मोडक्या हिंदीत प्रश्न विचारले. तुमच्यात लगनला काळी पोरगी चलती का? हिबा म्हणाली, चलती है आंटी, पर क्रीम वहाँ भी बिकती है. माय एवढी हसली की तिला ठसका लागला. "म्हंजे ती ट्यूब तिथंबी पोचली!" मग हिबाच्या डोक्याला तेल लावत, माझ्याकडे पाठ करून, ती हळू म्हणाली, "म्या घासलं तुला. चुकलंच ते. पण प्रिया, तुझं सालपट निघत हुतं तवा माझंबी निघत हुतं, ते न्हाई लिहिलंस." त्यावर आजतागायत मला काही लिहिता आलेलं नाही.

परतूरच्या चौकात फ्लेक्स होता. दहा फूट उंच मोरपंखी साडी, बाजूला मेणबत्त्या, खाली आम्हा सगळ्यांची नावं. राजानंदने तिथे गाडीचा वेग कमी केला नाही.

घरापुढे मांडव घालणं चाललं होतं. चांगुणाबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. ती अंगणवाडीतली मदतनीस, मायबरोबर एकोणीस वर्षं खिचडी शिजवलेली, तोंडाने तिखट. मी फ्रेम तिच्यापुढे धरली. तिने चष्मा कपाळावर ढकलला, जवळून पाहिलं, मग लांबून पाहिलं.

"ही कोण म्हणायची? नवी सुपरवायझर आली का बदलीवर?"

"चांगुणामावशी, माय हाय ती," राजानंद म्हणाला.

"हात मेल्या! हिनं जन्मात कधी खिचडीचं पातेलं उचललं न्हाई, हातावरून कळतंय की." तिने फ्रेम उलटी करून मागचा पुठ्ठाही पाहून घेतला, जणू बाई तिकडे लपली असेल. "तुमची माय पायजे हुती तर मला इचारायचं. ती कपाटात हाय."

"कोणत्या कपाटात?"

"अंगणवाडीच्या. रोज तर बघायची."

किल्ली तिच्या कमरेलाच होती. अंगणवाडी दोन गल्ल्या पलीकडे, एकच खोली, भिंतीवर हत्ती आणि फळांची चित्रं, छताला तो काटा अजून टांगलेला. कोपऱ्यात पत्र्याचं कपाट. चांगुणाबाईने दार उघडलं तेव्हा आतून तांदळाचा आणि डांबरगोळ्यांचा वास आला. दाराच्या आतल्या बाजूला, वजनाच्या तक्त्याच्या वर, खळीने चिकटवलेलं, वर्तमानपत्रातून कातरलेलं चौकोनी चित्र होतं. पाटावर बसलेली माय. दोन्ही दंड, मानेवरच्या तिन्ही वळ्या, भुवईतली फट. छपाईच्या शाईने तिला होती त्याहून काळं केलं होतं. ती वर मान करून बघत होती. आता बोल पुढं.

चारी बाजूंनी कात्री इतकी नीट चालवलेली होती की लेखाचं एक अक्षर उरलं नव्हतं. माझं नावही गेलं होतं.

"आणि लिहिलेलं?" मी विचारलं.

"ते कापलं तिनं. म्या म्हणलं बाई, पोरीनं एवढं लिहिलंय, राहू दे की. तर म्हणली, लिहिलेलं पोरीचं हाय, ते पोरीपाशी राहू दे. फोटो माझा हाय." चांगुणाबाईने पदराने चित्रावरून हात फिरवला, लेकराचं तोंड पुसावं तसा. "सकाळी कपाट उघडलं की म्हणायची, बघ चांगुणा, कशी बसलेय. जशी काय कलेक्टरीण! आता ह्या कलेक्टरणीला तांदूळ काढू दे."

मी फोन काढला. एवढंच करायचं होतं, फोटो काढून राधेश्यामला पाठवायचा. फोनने मायच्या चेहऱ्याभोवती पिवळा चौकोन धरला, क्षणभर थांबला, आणि चित्र उमटलं तेव्हा गाल गुळगुळीत होते, रंग दोन छटांनी उजळ, भुवईतली फट पुसट. मी पुन्हा काढला. पुन्हा तेच. फोनला चेहरा तेवढा ओळखता येत होता, आणि ओळखल्याबरोबर त्याला तो सुधारायचा होता. राजानंदच्या फोनवरही तसंच आलं. तो त्या पडद्याकडे आणि दाराकडे आळीपाळीने बघत राहिला. मी नखाने चित्राचा कोपरा उचलून पाहिला. कागद पत्र्यात मुरला होता, आणखी ओढला असता तर खांदा फाटला असता. मी हात मागे घेतला. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, स्वच्छ, थंड, कितीतरी दिवसांनी कामाचा. दुकान, फोन, चौकातला फ्लेक्स, सगळ्यांचा तिला हात लावून झाला होता. माझाही लावून झाला होता. या एका चौकोनाला तेवढा तिचा स्वतःचा हात लागला होता.

"दार काढू," मी म्हणाले.

"काय?"

"बिजागऱ्यांतून. दारच न्यायचं."

"येडी झालीस का? सरकारी कपाट हाय."

"सोमवारी परत बसवू."

"सहाशे लोकांपुढं कपाटाचं दार मांडायचं?"

"मंग?" मी म्हणाले. नऊ वर्षांत मी स्वतःला या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. तो मायचा होता. "लोक काळी म्हणतील? म्हणू दे. हुतीच. जाडी म्हणतील, हुतीच. जाडी हुती तवा जिती हुती, राजू."

त्याने हातावरचे डाग चोळले. मग तो कपाटाजवळ गेला आणि चित्रापुढे उभा राहिला, भट्टीच्या झरोक्यातून आत बघतात तसा डोळे बारीक करून. "ती माझ्याकडंच बघून राह्यली हिथं," तो म्हणाला. "त्या दिवशी मीच बोललो हुतो, ताई. म्या म्हणलं, माय, गाऊनवर काय बसलीस भायेर, लोक जातेत येतेत." आणि तो मोटारसायकलच्या टूलकिटमधला पाना आणायला गेला.

बिजागऱ्यांना गंज होता. चांगुणाबाईने खोबरेल तेल ओतलं आणि राजानंदने खालून दार उचलून धरायला सांगितलं. सुटलं तेव्हा त्याचं सगळं वजन एकदम माझ्या हातांवर आलं. आम्ही ते दोघांनी आडवं धरून दोन गल्ल्या चालत नेलं, चित्र वर, उन्हात. चांगुणाबाई पुढे चालत होती आणि विचारणाऱ्याला सांगत होती, "बाजूला व्हा, बाई चालल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धाच्या मूर्तीशेजारी, बाबासाहेबांच्या फोटोच्या थोडं खाली, टेबलाला टेकवून दार उभं केलं होतं. हार अडकवायला जागा नव्हती म्हणून राजानंदने तो दाराच्या कडीला अडकवला. खाली वजनाचा तक्ता तसाच, हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा. त्रिशरण झालं, पंचशील झालं. लोक रांगेने फुलं वाहायला आले. चौकातला फ्लेक्स पाहून आलेले दारापुढे आल्यावर अडखळत होते. राजानंदच्या सासरकडची एक बाई तिच्या जावेला कुजबुजली, पण कुजबूज मांडवभर ऐकू येईल इतपत, "अगं बाई, केवढी काळी दिसतेय हो ह्यात. चांगला न्हवता का एखादा?"

मी पुढे व्हायच्या आत राजानंद बोलला. त्याच्या हातात फुलांची परडी होती. "हाच चांगला हाय, मामी. तिनं सोता निवडलाय," तो म्हणाला. "घ्या, फूल घ्या."

तिने घेतलं. गल्लीतली लेकरं मात्र अडखळली नाहीत. ती नेहमीच्या सवयीने दारापुढे ओळ करून उभी राहिली, आणि एकाने चपला काढल्या, वजन करताना काढतात तशा.

सोमवारी सकाळी दहाच्या आत दार परत बसवलं. जालन्याची फ्रेम राजानंदने कागदात गुंडाळून राधेश्यामला परत दिली. काच तुमच्या कामी येईल, म्हणाला. दुपारी संपादकांचा फोन आला. फार वाईट झालं, आणि जमेल तेव्हा आईवर लिहा, लोक वाट बघताहेत. मी म्हणाले, लिहिते. त्यांनी विचारलं, फोटो पाठवाल ना?

"नाही," मी म्हणाले.

"अहो, मग वाचकांना कसं कळणार त्या कशा दिसत होत्या?"

"त्यांना परतूरला पाठवा," मी म्हणाले. "अंगणवाडी दहाला उघडते. चांगुणाबाईंना कपाट उघडायला सांगायचं. पण तांदूळ काढायची वेळ असेल तर थांबावं लागेल."